आलमारीवरचे किटण

आमच्या आर्णीकडे भांडी आणि डबे ठेवण्याच्या लाकडी कपाटाला आलमारी म्हणतात. कुणाकडे ती भिंतीत बसवलेली असते, तर कुणाकडे चार पायांवर उभी, जाळीच्या दाराची. आपल्या बहुतेक घरांत ती सुरुवातीपासून नव्हती. आजोबा-पणजोबांच्या काळी मातीच्या भिंतीतला कोनाडा आणि दोन खुंट्यांवर टाकलेली एक फळी, एवढ्यात भांड्यांचा संसार मावत असे. पुढे घरातला कुणी एस.टी.त लागला, कुणी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिपाई झाला, कुणी पाटबंधारे खात्यात कामाला गेला, आणि मग सुताराला सांगून सागाची आलमारी करवून घेतली गेली. पहिल्या-दुसऱ्या पगारातून आलेली वस्तू म्हणून तिला घरात मान होता.

आज त्याच आलमारीकडे पाहवत नाही. दाराला हात लावला की बोटे चिकटतात. मुठीभोवती काळा गोल डाग बसलेला असतो. माथ्यावरून बोट फिरवले तर तपकिरी मेणासारखा थर नखात येतो. पीठ, धूळ, केस, झुरळांची घाण, सगळे त्यात एकजीव झालेले असते. अशोक विजयादशमीच्या आधी घर आवरायला काढले की भिंती, भांडी, पंखे सगळे स्वच्छ होते, आलमारी मात्र तशीच राहते. ओला फडका फिरवला तर किटण निघत नाही, उलट पसरते.

मग घरात दोन मते पडतात. एक म्हणते, भंगारवाल्याला देऊन टाका, हप्त्यावर नवी घेऊ. दुसरे म्हणते, रॉकेल आणा, कास्टिक आणा, काचपेपर आणा, घासून काढू. आमच्या मते या दोन्ही वाटा नुकसानीच्या आहेत. पहिल्या वाटेने पैसा जातो. दुसऱ्या वाटेने लाकूड जाते आणि प्रसंगी घरातल्या माणसाच्या जिवावर बेतते. किटण कशाचे बनते हे एकदा नीट समजले, तर ते काढायला जोर लागत नाही, थोडा वेळ लागतो. म्हणून आधी तेच पाहू.

किटण येते कुठून?

फोडणी देताना तेल तापले की त्याचे अगदी बारीक थेंब वाफेबरोबर वर उडतात. डोळ्यांना ते दिसत नाहीत. गार जागा सापडली की तिथे बसतात. आलमारीचा माथा, दाराची वरची कड, बिजागऱ्यांच्या खाचा, कोरीव नक्षी या त्यांच्या आवडीच्या जागा. बसलेले तेल मात्र तेल म्हणून राहत नाही. ते हवेतला प्राणवायू ओढून घेते आणि त्याचे कण एकमेकांत गुंतत जातात. आधी ते चिकट होते, मग डिंकासारखे घट्ट होते आणि काही वर्षांनी वॉर्निशसारखे कडक बनते. आपण ज्याला मळ म्हणतो तो खरे तर स्वयंपाकघरात आपोआप चढलेला एक प्रकारचा रंगच असतो. म्हणून तर साध्या पाण्याला तो दाद देत नाही.

सगळी तेले सारख्या वेगाने घट्ट होत नाहीत. जवसाचे तेल सर्वांत लवकर वाळते. म्हणूनच जुन्या काळापासून ऑइल पेंट आणि वॉर्निश बनवायला जवसाचे तेल वापरतात. करडई, सोयाबीन, सरकी ही त्याच्या खालोखाल. शेंगदाण्याचे तेल फार सावकाश घट्ट होते. आपल्या विदर्भात १९९० नंतर सोयाबीनचा पेरा झपाट्याने वाढला आणि किराणा दुकानात सोयाबीन तेलाच्या पिशव्या लटकू लागल्या. घरातली म्हातारी माणसे म्हणतात, आमच्या वेळी आलमारी एवढी चिकट होत नव्हती. त्यांच्या या बोलण्यात काही तथ्य असू शकते. अर्थात त्या वेळी तळण महिन्यातून एखादे वेळी होत असे, हेही विसरून चालणार नाही.

तेलाच्या जोडीला धूर. कापूस संपला की शेतातली पऱ्हाटी उपटून मोळ्या बांधून आणायची, तुरीच्या तुराट्या रचून ठेवायच्या आणि वर्षभर त्याच जाळायच्या, ही आपल्याकडची जुनी रीत. पऱ्हाटीच्या धुरात काजळी असते आणि डांबरासारखा एक चिकट अंशही असतो. तो तेलाच्या थरात मुरला की किटणाला काळा रंग येतो आणि एक कडवट वासही. मे २०१६ मध्ये उज्ज्वला योजना सुरू झाली आणि त्यानंतर बऱ्याच घरांत गॅसची शेगडी आली. पण सिलेंडर भरायला पैसे नसले की चूल पुन्हा पेटते. पावसाळ्यात मजुरी बंद असते तेव्हा तर हमखास पेटते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार घरातल्या अशा धुरामुळे २०२० साली जगभरात सुमारे ३२ लाख माणसे दगावली. आलमारीच्या दारावर जो काळा थर बसतो, तोच धूर चुलीपाशी बसलेल्या बाईच्या छातीतही जात असतो. आलमारी निदान पुसता येते.

विकण्याआधी लाकूड ओळखा

यवतमाळ जिल्हा सागाचा. टिपेश्वरच्या जंगलात लोक आता वाघ पाहायला जातात, तेही मुख्यतः सागाचेच जंगल आहे. सागात निसर्गतःच असे काही अंश असतात की त्याला वाळवी सहसा लागत नाही आणि पाण्यानेही तो लवकर कुजत नाही. तीस-चाळीस वर्षांपूर्वीची सागाची आलमारी वरून कितीही काळी दिसली, तरी आतले लाकूड बहुधा ठणठणीत असते. दाराच्या मागच्या, न दिसणाऱ्या कडेला थोडेसे खरडून पाहा. सोनेरी-तपकिरी रंग, हाताला किंचित तेलकटपणा आणि जुन्या चामड्यासारखा वास आला तर साग समजावा. आडजात लाकूड असेल तर ते सहसा फिकट किंवा लालसर दिसते. तेही टाकाऊ नाही, पण त्याला पाण्यापासून जास्त जपावे लागते.

हप्त्यावर मिळणारी स्वस्त नवी कपाटे बहुतेक वेळा लाकडाचा भुसा दाबून केलेल्या फळीची असतात. तिच्या कडेतून पाणी शिरले की ती फुगते आणि मग स्क्रू धरत नाही. टिनाच्या छपरातून पावसाळ्यात गळणाऱ्या घरात अशी फळी किती टिकेल, याचा हिशेब हप्त्याच्या कागदावर सही करण्याआधी करावा. भंगारवाला सागाच्या आलमारीचे पैसे किटण पाहून देतो आणि स्वतः विकताना लाकूड पाहून विकतो.

सगळ्यांची आलमारी सागाची असते असे मात्र नाही. कुणाची प्लायवूडवर सनमायका लावलेली असते, तर कुणाच्या आलमारीवर ऑइल पेंटचे चार-चार हात चढलेले असतात. वरचा थर कशाचा आहे हे पाहिल्याशिवाय फडका हातात घेऊ नये. एक आडजागा पुसून तिथे पाण्याचा थेंब ठेवा. थेंब मुरला आणि लाकूड गडद झाले, तर लाकूड उघडे आहे. थेंब तसाच उभा राहिला तर वर पॉलिश, पेंट किंवा सनमायका आहे. पेंट आणि सनमायका डोळ्यांना कळतातच. पॉलिशची शंका असेल तर कापसाला स्पिरिट लावून त्याच आडजागी टेकवा. जागा चिकट झाली तर ते चपड्याचे, म्हणजे लाखेचे पॉलिश आहे. अशा पॉलिशला कढत पाणी लावले तर पांढरे डाग उमटतात आणि स्पिरिट लावले तर पॉलिशच विरघळते. ही दोन्ही त्यापासून दूर ठेवावीत.

तेलाने तेल काढा

आता मूळ कामाकडे वळू. आधी आलमारी पूर्ण रिकामी करावी आणि हलवता येत असेल तर अंगणात सावलीत काढावी. त्यासाठी घरातल्या पुरुषांनी आणि मोठ्या मुलांनी हात लावावा. हे सांगायची गरज पडू नये, पण सांगितलेले बरे. भिंतीतली आलमारी असेल तर खिडकी-दार उघडे ठेवावे आणि शेगडी बंद ठेवावी.

पहिले काम कोरडे. नाकाला रुमाल बांधून जुन्या मऊ कुंचल्याने आणि सुक्या फडक्याने वरून खाली काजळी, जळमटे, धूळ झाडून घ्यावी. इथेच बहुतेकांची घाई होते. काजळीवर थेट पाणी पडले की ती शाईसारखी लाकडाच्या रेषांत उतरते, आणि मग ती काढणे कठीण जाते. झाडून झाल्यावर बांबूची पातळ कामटी घ्यावी. कामटी नसेल तर प्लास्टिकची जुनी पट्टी चालेल. जाड, मेणासारखा थर आडव्या हाताने हळूच उचलून काढावा. विळा किंवा सुरी घेऊ नये. त्यांची धार किटणाबरोबर लाकूडही उचलते.

यानंतरचा उपाय ऐकून काही भगिनी हसतील. घट्ट चिकट्यावर थोडे ताजे गोडे तेल चोळायचे. तेलकटपणा काढायला पुन्हा तेल? रस्त्याच्या कामावर पायाला डांबर लागले तर आपण काय करतो? पाण्याने ते निघत नाही, गोडे तेल चोळले की सुटते. इथेही तेच होते. ताजे तेल जुन्या थरात शिरते आणि त्याला मऊ करते. फडक्यावर चार-सहा थेंब घेऊन वीत-दोन वीत जागेवर चोळावे, पाव तास थांबावे आणि मग जुन्या सुती लुगड्याच्या कोरड्या तुकड्याने दाबून पुसावे. तुकडा तपकिरी होतो. तो बाजूला टाकून दुसरा घ्यावा. फार जुन्या थराला हे दोन-तीन वेळा करावे लागते. तेल तसेच ठेवून मात्र काम थांबवू नये, नाहीतर त्याचेच पुढे नवे किटण होईल.

म्हणून लगेच साबण. एक लिटर कोमट पाण्यात भांडी घासायच्या पातळ साबणाचा एक लहान चमचा पुरतो. वडी असेल तर तिचा किस विरघळवून घ्यावा. जास्त साबणाने जास्त स्वच्छ होत नाही, फक्त पुसायचे काम वाढते. फडका पाण्यात बुडवून घट्ट पिळावा, इतका की दारावर ओघळ येता कामा नये. लाकडाच्या रेषेच्या दिशेने पुसावे. लगोलग साध्या पाण्यात पिळलेला दुसरा फडका फिरवावा आणि तिसऱ्या कोरड्या फडक्याने जागा सुकी करावी. हातभर जागा अशी पूर्ण करूनच पुढे जावे. पाणी काळे झाले की बदलावे. ज्या भगिनी दिवसभर कापूस वेचून संध्याकाळी घरी येतात, त्यांनी सगळे एका दमात करायचा हट्ट धरू नये. एका संध्याकाळी एक दार झाले तरी आठवड्यात आलमारी होते.

एवढ्याने जे निघाले नाही, त्याला खाण्याचा सोडा लावावा. तीन चमचे सोड्यात एक चमचा पाणी घालून लगदा करावा, मुठीभोवतीच्या डागाला आणि बिजागऱ्यांच्या खाचांना लावावा आणि जुन्या टूथब्रशने हलके फिरवावे. पाच मिनिटांच्या आत पुसून घ्यावे. सोड्याचा गुण असा की तेलकट पदार्थाशी त्याची थोडी गाठ पडली की साबणासारखे काहीतरी तयार होते आणि ते पाण्याने सुटते. आपल्या आज्या राखेने भांडी घासत, त्यातही हेच तत्त्व होते, कारण लाकडाच्या राखेत क्षार असतो. पण राख खरखरीत असते. ती पितळेला चालते, पॉलिशला चालत नाही.

सोड्यावर लिंबू किंवा व्हिनेगर ओतले की फेस येतो आणि काहीतरी जोरदार घडते आहे असे वाटते. तो फेस फसवा आहे. आंबट आणि क्षार एकमेकांना मारून टाकतात आणि उरते ते जवळपास खारे पाणी. ज्याला लिंबू वापरायचे आहे त्याने ते वेगळे वापरावे, आणि तेही फक्त लोखंडाच्या काळ्या डागांसाठी. हे डाग कसे पडतात ते सांगतो. तारेच्या घासणीने घासले की तिचे बारीक तुकडे लाकडात अडकतात. बाभळीसारख्या आणि काही प्रमाणात सागासारख्या लाकडात तुरट अंश असतो. त्याचा ओल्या लोखंडाशी संबंध आला की काळानिळा डाग उमटतो. पूर्वी हिरडा आणि हिराकस मिसळून शाई करत, ती याच गुणावर. म्हणून तारेची घासणी आलमारीजवळ आणूच नये.

धुण्याचा सोडा खाण्याच्या सोड्यापेक्षा पुष्कळ तिखट. सनमायकावर एक लिटर पाण्यात एक चमचा या प्रमाणात तो चालतो, हाताला प्लास्टिकची पिशवी बांधून. ऑइल पेंटवर तो जास्त वेळ राहिला तर पेंट मऊ होऊन सोलतो, आणि उघड्या सागावर लावला तर लाकूड काळवंडते. सनमायका असलेल्यांचे काम एकूणच सोपे आहे. गरम पाण्यात पिळलेला जाड फडका पाच मिनिटे चिकटवून ठेवावा आणि साबणाने पुसावे. फक्त कडांच्या फटीत पाणी जाऊ देऊ नये.

ज्यांच्यापासून दूर राहावे

रेशनचे रॉकेल आता पूर्वीसारखे मिळत नाही, तरी बाटलीच्या तळाशी राहिलेले रॉकेल आलमारीला चोळायची सवय गेलेली नाही. रॉकेलने किटण निघते हे खरे. पण त्याचा वास लाकडात मुरतो आणि तिथून पिठात, डाळीत उतरतो. पेटते शेगडी जवळ असेल तर काय होईल ते सांगायला नको. त्याहून मोठी भीती लहान मुलांची. पाण्याच्या बाटलीत भरलेले रॉकेल मूल पाणी समजून पिते. असे झालेच तर मुलाला ओकारी काढायला लावू नये, कारण ओकताना रॉकेल फुप्फुसात जाते. तडक दवाखाना गाठावा. पेट्रोल आणि थिनर तर रॉकेलपेक्षाही भयंकर, त्यांची नुसती वाफ पेट घेते.

कास्टिक सोडा म्हणजे आग नसलेली आग. कातडी आणि डोळे तो पाहता पाहता जाळतो. डोळ्यात उडाला तर न चोळता, वाहत्या पाण्याखाली निदान पंधरा-वीस मिनिटे डोळा धुवावा आणि मग दवाखान्यात जावे. संडास धुण्याचे ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर ही दोन्ही एका बादलीत कधीच एकत्र करू नयेत. त्यातून विषारी वायू निघतो, आणि बंद स्वयंपाकघरात तो श्वास कोंडून टाकतो.

काचपेपरबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण त्यातला धोका फारसा कुणाला माहीत नाही. जुन्या ऑइल पेंटमध्ये, विशेषतः पिवळ्या, लाल आणि हिरव्या रंगात, शिसे मिसळलेले असू शकते. घरगुती रंगांत शिशाचे प्रमाण दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा जास्त असू नये, असा नियम आपल्या देशात नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधी रंगवलेल्या आलमारीची खात्री देता येत नाही. असा पेंट कोरडा घासला की त्याची बारीक धूळ जमिनीवर, डब्यांवर, पाळण्यावर बसते. रांगणारे मूल जमिनीवरचा हात तोंडात घालते. शिसे मुलांच्या मेंदूच्या वाढीवर घाला घालते, आणि झालेले नुकसान पुढे भरून येत नाही. शाळेत मूल मागे का पडते, असा प्रश्न वर्षानुवर्षे पडलेल्या आईला त्याचे कारण आलमारीच्या धुळीत असेल असे स्वप्नातही वाटणार नाही. जुना पेंट घट्ट बसलेला असेल तर त्याला साबणाने पुसून तसाच राहू द्यावा आणि हवे तर वरून नव्या रंगाचा हात द्यावा. पोपडे निघत असतील तर ते ओले करून अलगद काढावेत, ओल्या फडक्यानेच जमीन पुसावी, आणि त्या वेळी मुले व गरोदर बाई घरात नसावीत.

किटण तिथे झुरळ. त्या तेलकट थरावरच झुरळे जगतात, म्हणून थर निघाला की ती आपोआप कमी होतात. पण काही घरांत शेतातले फवारणीचे औषध थोडे काढून आणून आलमारीत शिंपडतात. आपल्या जिल्ह्याला याबाबतीत वेगळे सांगावे लागू नये. २०१७ च्या फवारणीच्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात शेकडो शेतकरी-शेतमजुरांना विषबाधा झाली आणि वीसहून अधिक जण प्राणाला मुकले. ती औषधे मोकळ्या शेतात एवढी घातक ठरली, तर भाकरीच्या टोपलीशेजारी ती काय करतील? औषधाचा रिकामा डबा धुऊन त्यात साबणाचे पाणी किंवा तेल भरणेही तितकेच वाईट.

शेवटचा हात आणि चिंध्यांची आग

साफ केलेली आलमारी दोन दिवस दारे उघडी ठेवून वाळू द्यावी. उघड्या सागाला त्यानंतर जवसाच्या तेलाचा अगदी पातळ हात दिला तर लाकडाचा रंग खुलतो, आणि जवस लवकर वाळत असल्याने हात चिकट राहत नाही. हार्डवेअरच्या दुकानात रंगकामासाठी उकळलेले जवसाचे तेल मिळते. ते खाण्याचे नाही, फक्त बाहेरच्या बाजूला लावावे. आतल्या फळ्या कोऱ्याच बऱ्या. फडक्याने लावून अर्ध्या तासाने जास्तीचे तेल कोरड्या फडक्याने पूर्ण टिपून घ्यावे. तेल जाड राहिले तर तेच पुढचे किटण.

त्या फडक्यांविषयी एक इशारा. जवसाचे तेल वाळताना उष्णता सोडते. तेल लागलेल्या चिंध्यांचा गोळा करून कोपऱ्यात टाकला तर ती उष्णता आतल्या आत कोंडते, वाढत जाते आणि काडी न लावता चिंध्या पेटतात. ही ऐकीव गोष्ट नाही. अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरात २३ फेब्रुवारी १९९१ रोजी अडतीस मजली 'वन मेरिडियन प्लाझा' इमारतीला आग लागली. बाविसाव्या मजल्यावर भिंतीचे लाकडी काम साफ करण्यासाठी वापरलेल्या जवस-तेलाच्या चिंध्या तशाच पडून होत्या, तिथून ती सुरू झाली. त्या आगीत अग्निशमन दलाचे तीन जवान मरण पावले. एवढी मोठी इमारत मोठी चूक कशी करते, असे कुणी म्हणेल, पण ते घडले चिंध्यांच्या लहानशा ढिगाने. आमच्याकडे तर एप्रिल-मे महिन्यात सावलीतसुद्धा अंग भाजते, आणि घराला लागूनच पऱ्हाटीची गंजी रचलेली असते. म्हणून अशा चिंध्या एकेक सुट्या करून अंगणात दोरीवर वाळत घालाव्यात. कडक झाल्या की मग टाकाव्यात. तेवढी सवड नसेल तर पाणी भरलेल्या टिनाच्या डब्यात बुडवून ठेवाव्यात.

पुन्हा किटण चढू नये यासाठी फार काही करावे लागत नाही. कढईवर झाकण ठेवावे, तळण खिडकीजवळ करावे, आणि आलमारी चुलीपासून किंवा शेगडीपासून जमेल तेवढी लांब सरकवावी. चुलीवर छपरात धुराडे असेल तर ते मोकळे आहे ना ते पाहावे, कारण त्यात चिमणीचे घरटे किंवा जुनी काजळी अडकलेली असते. आठवड्यातून एकदा, रविवारी म्हणा, दाराची मूठ आणि वरची कड साबणाच्या पिळलेल्या फडक्याने पुसावी. थर कोवळा असतो तेव्हा दोन मिनिटांत निघतो, आणि वर्षभर राहिला की दोन दिवस खातो.

माथ्यावर जुना वर्तमानपत्राचा कागद अंथरून ठेवला की किटण त्याच्यावर बसते, लाकडावर नाही. दोन महिन्यांनी कागद गुंडाळून टाकावा आणि दुसरा घालावा. आतल्या फळ्यांवर मात्र छापील कागद नको, त्याची शाई डब्यांच्या बुडाला आणि तिथून हाताला लागते. तिथे कोरा कागद किंवा धुता येईल असे रेक्झिन घालावे. माथ्यावर घालायला आमचा जुना अंक चालेल, त्यात आम्हाला कमीपणा नाही. ज्या पानावर बाबासाहेबांचे किंवा तथागतांचे छायाचित्र असेल ते पान तेवढे आधी काढून ठेवावे.